दार उघडं, नाणं बंद

नमस्कार मंडळी. पडद्यावर एका तांब्याच्या तुकड्याचा फोटो लावला आहे, तो आधी नीट पाहून घ्या. आपला जुना मोठा रुपया आठवतो ना, साधारण तेवढा. एका अंगाला ज्वाळांतून वर येणारा फिनिक्स पक्षी आहे. त्याच्या कडेने ‘शिनप्लास्टरऐवजी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आणि ‘नोव्हेंबर १८३७’. दुसऱ्या अंगाला पानांचं कडं आणि त्याच्या आत मजकूर : नाण्यातली फेड स्थगित, दहा मे १८३७. हे सरकारी नाणं नाही. खासगीत पाडलेलं टोकन आहे आणि ते दुकानांतून सेंटच्या जागी चालत होतं. बँकांनी ज्या दिवशी नाणं द्यायचं थांबवलं, त्या दिवसाची तारीखच कोणीतरी तांब्यावर ठोकली आणि लोकांनी ती खिशात बाळगली. ती तारीख लोकांच्या मनात किती खोल रुतली होती, ते या तुकड्यावरून कळतं.

यातला ‘स्थगित’ हा शब्द आज धरून ठेवायचा आहे. बँकेवर संकट आलं की मराठीत आपल्या तोंडी पटकन येतं ते ‘बँक बुडाली’ किंवा ‘दिवाळं निघालं’. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत त्याच्या अलीकडे आणखी एक अवस्था होती आणि ती पुन्हा पुन्हा यायची. बँकेचं दार उघडं असायचं. कारकून जागेवर, वह्या चालू, कर्जाची वसुली चालू, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रकमा वळत्या होताहेत. बंद फक्त एकच खिडकी : जिथे नोट दिली की सोन्याचांदीचं नाणं मिळायचं ती.

तेव्हाची नोट कशी होती, तेही सांगतो. देशभर चालणारी एकच नोट अशी चीज तिथे नव्हती. प्रत्येक बँक आपली नोट स्वतः काढायची. बहुतेक नोटा एकाच बाजूला छापलेल्या, क्रमांक शाईने हाताने घातलेला, खाली अध्यक्षाची आणि कॅशियरची सही. वर वचन एकच : ही नोट आणणाऱ्याला मागताक्षणी इतके डॉलर देऊ. आपल्या पेढीवरच्या भाषेत ती दर्शनी हुंडी. दाखवली की पैसे. स्थगिती म्हणजे दर्शनी हुंडी एका रात्रीत मुदती हुंडी होणं, आणि मुदत किती ते हुंडीवर लिहिलेलंच नसणं.

मी एकोणतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. एकदा महिन्याच्या सुरुवातीला आमच्या शाखेत रोकड यायला उशीर झाला. आम्ही लोकांना खरं तेच सांगत होतो की गाडी निघाली आहे, दोन वाजेपर्यंत थांबा. रांगेतले बरेचजण ‘ठीक आहे’ म्हणून चहाला गेले. एक बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मुलाची फी भरायची ती शेवटची तारीख होती आणि शाळेची खिडकी एकला बंद होणार होती. पावणेदोनला पैसे आले, एक रुपयाही कोणाचा बुडाला नाही. पण त्या बाईंचा चेहरा माझ्यासमोरून आजही जात नाही. पुढे अमेरिकेतला हा काळ वाचायला घेतला तेव्हा मी प्रत्येक प्रसंगात तेच शोधत गेलो. थांबवलं कोणी, आणि त्या वेळी कोणाला थांबता आलं नाही.

कारण नोटेला बट्टा होता. आपल्याकडे पेशवाईत अंकुशी रुपया, चांदवडी रुपया अशी निरनिराळी नाणी चालत आणि एकाचं दुसरं करून घ्यायचं तर सराफ बट्टा कापायचा. अमेरिकेत नोटांचं तसंच होतं. बोस्टनची नोट फिलाडेल्फियात, ओहायोची नोट न्यू यॉर्कमध्ये दर्शनी किमतीला जायची नाही. बँक किती लांब, किती भरवशाची, यावर शेकडा पाव, अर्धा, दोन, पाच असा बट्टा लागायचा. कोणत्या बँकेला किती आणि कोणती नोट खोटी, याची छापील पत्रकं निघत. फिलाडेल्फियात व्हॅन कोर्टचं पत्रक होतं, न्यू यॉर्कमध्ये १८४२ पासून जॉन थॉम्पसनचं. गल्ल्याजवळ पत्रक ठेवायचं, गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की बोट फिरवत नाव शोधायचं आणि मग मालाची किंमत सांगायची, असा त्या काळच्या दुकानदाराचा दिवस होता.

एखादी बँक स्थगितीत गेली की तिच्या नोटेवरचा बट्टा वाढायचा. ज्याच्या घरात धान्य आहे, हातात दुसरा पैसा आहे, तो ती नोट पेटीत ठेवून द्यायचा. पुढे बँकेने खिडकी उघडली की त्याला पुरा डॉलर मिळायचा. ज्याला आज संध्याकाळी पीठ आणायचं आहे तो ती नोट दलालाकडे मोडायचा. नव्वद सेंट, ऐंशी सेंट, जे मिळेल ते. आणि दलाल पेटीत ठेवून द्यायचा. म्हणजे बँक उद्या सावरली तरी मधल्या दिवसांची भरपाई कोणीतरी करून टाकलेली असायची. बँकेच्या ताळेबंदात ते नुकसान दिसत नाही.

आता १८३७ कडे येऊ. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये नकाराधिकार वापरून बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स या राष्ट्रीय बँकेच्या सनदीचं नूतनीकरण रोखलं आणि १८३६ ला ती सनद संपली. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारी हुकूम निघाला की सरकारी जमीन विकत घ्यायची तर सोनं-चांदी मोजा. तिकडे बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचे दर चढवले. कापसाचा भाव कोसळला आणि मार्च १८३७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या कापूस-पेढ्या कोलमडायला लागल्या. यातलं मुख्य कारण कोणतं, यावर अभ्यासकांत पिढ्यानपिढ्या वाद आहे. जॅक्सन यांच्यावर सगळं खापर फोडण्याची पद्धत जुनी आहे. मला स्वतःला कापूस आणि लंडन ही जोडी जास्त वजनदार वाटते, कारण तो सगळा व्यापार लंडनच्या उधारीवर उभा होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू यॉर्कच्या बँकांपुढे गर्दी लोटली. दोन दिवस नाणं मोजून देऊन तिजोऱ्या झपाट्याने रिकाम्या होत गेल्या आणि १० मेच्या सकाळी शहरातल्या बँकांनी एकत्र ठरवून नाणं देणं थांबवलं. या ‘एकत्र’ शब्दाला महत्त्व आहे. एकट्या बँकेने थांबवलं तर तिची पत जाते. सगळ्यांनी थांबवून एकटीने देणं चालू ठेवलं तर सगळं गाव तिच्याकडेच धावतं आणि तिची तिजोरी दिवसभरात संपते. म्हणून न्यू यॉर्कने थांबवलं हे कळताच बाकीच्या शहरांपुढे दुसरी वाटच उरली नाही. तारायंत्र नव्हतं. टपाल आणि आगबोट जसजशी पोचत गेली तसतशा फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, बोस्टन अशा एकेका शहरात खिडक्या बंद होत गेल्या.

कायद्याप्रमाणे नाणं नाकारणाऱ्या बँकेची सनदच जायला हवी होती. पण सगळ्याच बँकांची सनद रद्द करून राज्य चालणार कसं? न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने १६ मेला कायदा करून एक वर्षाची सूट दिली. ही एक वर्षाची अट फार शहाणपणाची होती असं माझं मत आहे. बँकेला श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि नोट हातात असलेल्या माणसाला निदान एक तारीख मिळाली. मुदती हुंडीवर मुदत लिहिली गेली.

त्या वर्षभरात बाजारातून चिल्लर नाहीशी झाली. सोनं-चांदी ज्याच्या हातात आली त्याने ती लपवली. मग खाणावळवाले, दुकानदार, नगरपालिका यांनी सहा सेंट, साडेबारा सेंट अशा कागदी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. त्यांनाच ‘शिनप्लास्टर’ म्हणत. शिन म्हणजे नडगी. नडगीला दुखापत झाली तर वर चिकटवायच्या लायकीचा कागद, अशी त्यामागची चीड. पडद्यावरचं टोकन या चिठ्ठ्यांना पर्याय म्हणून आलं. कागदाच्या वचनांनी पोळलेल्या माणसाला तांब्याचा तुकडा बरा वाटला, कारण त्यात निदान तांबं तरी होतं.

पुन्हा सुरू कधी करायचं, यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहिली. एक अल्बर्ट गॅलाटिन. जन्माने स्विस, जेफरसन यांच्या काळातले अर्थमंत्री, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आणि न्यू यॉर्कमधल्या एका बँकेचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं की वचन दिलं आहे, वर्षाच्या आत पाळायचं. दुसरे फिलाडेल्फियाचे निकोलस बिडल. जुन्या राष्ट्रीय बँकेची सनद संपल्यावर त्यांनी त्याच संस्थेसाठी पेनसिल्व्हेनिया राज्याची सनद मिळवली होती. त्यांचं म्हणणं की घाई नको, आणि तिकडे त्यांची बँक कापसाच्या सौद्यांत खोलवर गुंतली होती. गॅलाटिन यांच्या बाजूला मदत आली ती समुद्रापलीकडून. न्यू यॉर्कचे पेढीवाले जेम्स गोर किंग यांनी बँक ऑफ इंग्लंडला राजी केलं आणि दहा लाख पौंडांचं सोनं जहाजाने न्यू यॉर्कला आलं. मे १८३८ मध्ये, सवलतीची मुदत संपण्याआधी, न्यू यॉर्कच्या बँकांनी खिडकी उघडली. लोक सोन्यासाठी तुटून पडले नाहीत. नाणं मिळतंय हे दिसल्यावर बहुतेकांना ते नकोच होतं.

फिलाडेल्फियाने ऑगस्टमध्ये सुरू केलं आणि ऑक्टोबर १८३९ मध्ये पुन्हा थांबवलं. जानेवारी १८४१ मध्ये दुसऱ्यांदा प्रयत्न झाला. तीनच आठवडे निभावले. ४ फेब्रुवारीला बिडल यांची ती अवाढव्य बँक कायमची बसली.

इतका वेळ बोललो ते सनदी बँकांबद्दल, म्हणजे विधिमंडळाने खास कायदा करून परवानगी दिलेल्या. मुक्त बँकिंग हे वेगळं. सनदा वशिल्याने मिळतात, राजकारणी आपल्या माणसांना वाटतात, ही तक्रार खरी होती. त्यावर उपाय निघाला की अटी कायद्यात लिहा आणि ज्याला त्या पाळता येतील त्याने बँक काढावी. नोटांच्या बदल्यात तारण राज्याच्या अधिकाऱ्याकडे ठेवावं, तेवढ्याच किमतीच्या नोटा त्याच्याकडून नोंदवून घ्याव्यात. मागितल्यावर नाणं दिलं नाही तर नोटरीकडून निषेध नोंदवायचा, अधिकारी तारण विकेल आणि नोटधारकांना पैसे देईल. कल्पना न्याय्य होती. आजही कागदावर वाचताना ती आवडते.

पहिला प्रयोग केला मिशिगनने. कायदा झाला मार्च १८३७ मध्ये. दोन महिन्यांनी न्यू यॉर्क थांबलं. जूनमध्ये मिशिगनच्या विधिमंडळाने आपल्याही बँकांना स्थगितीची परवानगी दिली, आणि इथे घात झाला. ती परवानगी जुन्या बँकांपुरती न ठेवता नव्याने निघणाऱ्या बँकांनाही लागू राहिली. नीट विचार करा. न्यू यॉर्कची बँक थांबली होती ती वर्षानुवर्षं नाणं देऊन झाल्यावर. मिशिगनमध्ये आता अशी बँक काढता येत होती की जिने पहिल्या दिवसापासून कोणालाच नाणं दिलेलं नाही आणि कायद्याने द्यायचंही नाही. तारणाची अटही सैल. जमिनीची गहाणखतं चालत, आणि जंगलातल्या जमिनीची किंमत मालकाचे मित्र सांगतील ती.

एकच अट टोचणारी होती. भांडवलाचा तीस टक्के भाग नाण्यात दाखवावा लागे. तपासायला राज्याचे बँक आयुक्त घोड्यावरून, बर्फाळ रस्त्यांनी गावोगाव फिरत. त्यांच्यातले एक अल्फियस फेल्च, पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले. त्यांनी या दौऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. आयुक्त एका बँकेत नाणं मोजत. पुढच्या गावी जावं तर मोजायला समोर येणारं नाणं ओळखीचं. त्यांच्या आधी दुसऱ्या वाटेने तेच नाणं तिथे जाऊन पोचलेलं असायचं. एका ठिकाणी पेट्या उघडल्या तर वरच्या थरात चांदी आणि खाली खिळे आणि काचा. मी त्या आयुक्तांच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो. काउंटरवर बसलेल्या माणसाला थैलीच्या वजनावरून, आवाजावरून रक्कम कळते. त्यांनाही पेटी हलवताक्षणीच कळलं असणार.

मिशिगन सरोवराच्या काठी, कलामझू नदीच्या मुखाशी, सिंगापूर नावाचं एक गाव वसवलं होतं. तिथल्याही बँकेने नोटा काढल्या. बँक गेली, काही दशकांनी आसपासची झाडं तोडून संपल्यावर वाळू सरकत आली आणि गावच टेकड्यांखाली गाडलं गेलं. नोटा मात्र अजून संग्राहकांकडे आहेत.

या कायद्याखाली सुमारे चाळीस बँका सुरू झाल्या आणि १८३९ पर्यंत जवळजवळ सगळ्या संपल्या. नोटधारकांना वाटलं निदान गहाणखतं तरी आहेत. १८४४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मूळ कायदाच घटनाबाह्य ठरवला. ज्या कायद्यावर बँक उभी तोच गेला, तिथे तिची गहाणखतं काय टिकणार. शेतमजुराने लाकडं तोडून मिळवलेली नोट तशीच त्याच्या हातात राहिली. अशा बँकांना ‘रानमांजरी बँका’ म्हणत. जिथे रानमांजरंच राहतात अशा आडबाजूला त्यांची कचेरी म्हणून, असं सांगतात.

या गोष्टी इतक्या रंगतदार आहेत की सव्वाशे वर्षं मुक्त बँकिंगचा अख्खा काळ म्हणजे मिशिगन असंच लिहिलं गेलं. ते खरं नाही आणि हे मला जोर देऊन सांगायचं आहे. १९७० च्या दशकात ह्यू रॉकॉफ यांनी आणि १९८० च्या दशकात आर्थर रॉलनिक आणि वॉरन वेबर या अर्थतज्ज्ञांनी राज्याराज्यांच्या नोंदी चाळल्या. त्यांना दिसलं की बहुतेक बुडालेल्या बँका लबाडीने बुडालेल्या नव्हत्या. तारण म्हणून ठेवलेल्या राज्यांच्या रोख्यांचा भाव पडला आणि त्याबरोबर बँका पडल्या. न्यू यॉर्कने १८३८ मध्ये मुक्त बँकिंगचा कायदा केला तेव्हा इतर राज्यांचे रोखेही तारण चालत होते. १८४१-४२ मध्ये इंडियाना, इलिनॉय, आर्कान्सा अशा राज्यांनी व्याज थकवलं आणि त्या रोख्यांवर उभ्या बँका गेल्या. चूक ध्यानात आल्यावर न्यू यॉर्कने नियम घट्ट केले आणि पुढे तिथली पद्धत चांगली चालली. बऱ्याच बँका तर नुकसान न करता, नोटा परत घेऊन शांतपणे बंद झाल्या. लबाडाला कायदा करून पकडता येतं. प्रामाणिक माणसाच्या तिजोरीतला रोखा स्वस्त झाला तर कोणाला पकडणार? म्हणून मला हा दुसरा प्रकार जास्त गंभीर वाटतो.

१८५७ लवकर सांगतो. २४ ऑगस्टला ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनीची न्यू यॉर्कमधली कचेरी बुडाली. आता तारायंत्र आलं होतं, भीती दुपारपर्यंत शहरोशहरी पोचायची. १२ सप्टेंबरला कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन येणारी ‘सेंट्रल अमेरिका’ ही आगबोट वादळात सापडून कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडाली. चारशेहून अधिक माणसं गेली, आणि न्यू यॉर्कच्या बँका वाट पाहत होत्या ते सोनं समुद्रतळाशी गेलं. १३ ऑक्टोबरला न्यू यॉर्कने थांबवलं. इथे पेच असा की १८३७ च्या अनुभवानंतर न्यू यॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं की स्थगितीला मान्यता देणारा कोणताही कायदा विधिमंडळाला करता येणार नाही. मग वाट काढली न्यायाधीशांनी. त्यांनी म्हटलं, नुसतं नाणं थांबवलं एवढ्यावरून बँक बुडीत ठरत नाही. मालमत्ता पुरेशी असेल तर तिला टाळं लावायचं कारण नाही. मी सुरुवातीला सांगितलेला फरक, तो इथे थेट न्यायनिवाड्यात उतरला. दोन महिन्यांत, डिसेंबरच्या मध्यापर्यंत, न्यू यॉर्कच्या बँका पुन्हा नाणं देऊ लागल्या, आणि तोवर तिजोऱ्यांत आधीपेक्षा कितीतरी जास्त सोनं जमलं होतं.

त्या वेळी थांबल्याच नाहीत अशाही बँका होत्या. ह्यू मॅककुलक अध्यक्ष असलेली बँक ऑफ द स्टेट ऑफ इंडियाना नाणं देत राहिली. तिच्या शाखा एकमेकींच्या देण्याला बांधलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक शाखा दुसरीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. आपल्या भिशीत किंवा बचतगटात असतं तसंच. घेणाऱ्याची ओळख असते आणि बुडालं तर आपल्यालाही भरावं लागणार हे ठाऊक असतं.

आता मिलवॉकी. हा प्रसंग मी घाईत सांगणार नाही.

साल १८६१. विस्कॉन्सिन राज्य, मिशिगन सरोवराच्या पश्चिमेला. तिथल्या मुक्त बँकांनी तारण ठेवलं होतं ते बऱ्याच अंशी दक्षिणेकडच्या राज्यांच्या रोख्यांत; मिसुरी, व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना. व्याज बरं मिळायचं आणि कायद्याला चालत होतं. लिंकन निवडून आले, दक्षिणेची राज्यं फुटू लागली, एप्रिलमध्ये तोफा सुरू झाल्या. जे राज्य आपल्याशी लढतं आहे त्याच्या रोख्याला भाव कोण देणार? शेजारच्या इलिनॉयमध्ये बहुसंख्य बँका याच पायी कोसळल्या. विस्कॉन्सिनच्या बँकवाल्यांनी बैठक घेतली, स्वीकारायच्या नोटांच्या यादीतून काही बँकांच्या नोटा काढून टाकल्या आणि उरलेल्या बँकांच्या नोटा डिसेंबरपर्यंत पुऱ्या किमतीला घेऊ असं जाहीर केलं. लोकांनी विश्वास ठेवला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी आणखी दहा बँकांची नावं यादीतून काढली. शनिवारी पगाराचा दिवस. शहरातल्या कारखान्यांतून आणि बांधकामांवरून कामगारांना पगार मिळाला तो याच दहा बँकांच्या नोटांत. यातले बहुतेक जर्मन होते, काही वर्षांपूर्वीच समुद्र ओलांडून आलेले. शनिवारी रात्री नोटा खिशात, घरी बायको वाट पाहते आहे, आणि दुकानदार म्हणतो की या घेत नाही. शुक्रवारी तीच नोट डॉलर होती. त्या माणसाने कष्ट आठवडाभर केले होते ते डॉलरच्या बोलीवर.

सोमवारी, २४ जूनला, ते वाद्यं वाजवत मिरवणुकीने निघाले आणि बँकांच्या रस्त्यावर आले. अलेक्झांडर मिचेल यांच्या बँकेवर पहिला मोर्चा. मिचेल हे शहरातलं सर्वांत वजनदार नाव. अनेक वर्षांपूर्वी त्यांच्या संस्थेवर पैसे काढून घेणाऱ्यांची धाव आली होती तेव्हा त्यांनी शेवटच्या माणसापर्यंत नाणं मोजून दिलं होतं आणि त्याच पुण्याईवर ते उभे होते. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. दगड आले. काचा फुटल्या, आतलं सामान, वह्या, कागद रस्त्यावर आले आणि पेटवले गेले. दंगल मोडायला सैनिकांना बोलवावं लागलं. त्या वह्या जळताना पाहणाऱ्या माणसांचा राग मला कळतो आणि बँकेतला माणूस म्हणून त्या वह्या जळाल्याचं दुःखही मला कळतं.

पण हिशेब काढायचा तर बँकवाल्यांना शुक्रवारी ठाऊक होतं, मालकांनी शनिवारी त्याच नोटा वाटल्या, आणि मजुराला शनिवारी रात्री दुकानात कळलं. अख्ख्या साखळीत थांबता न येणारा तोच एक. पुढे राज्य सरकार आणि बँकवाल्यांनी मिळून मार्ग काढला. बँकांनी दक्षिणेचे रोखे सोडून विस्कॉन्सिनचे युद्धासाठी काढलेले रोखे तारणात घेतले आणि नोटा सावरल्या. उपाय होता, जवळच होता, फक्त तो काचा फुटल्यावर सापडला.

याच युद्धाचा धागा मुंबईपर्यंत येतो. दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. शेअरचा बाजार फुगला, बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या. युद्ध संपलं, कापूस पडला, १ जुलै १८६५ ला सौद्यांची पूर्तता करायची वेळ आली तेव्हा मोठमोठी घराणी बसली आणि बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. एका गोष्टीत मात्र आपल्याकडचं चित्र वेगळं होतं. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने इलाख्याच्या बँकांचा नोटा काढण्याचा हक्क सरकारने आधीच काढून घेतला होता. म्हणून मुंबईत शेअर कवडीमोल झाले, ठेवी अडकल्या, पण हमालाच्या हातातली नोट नोटच राहिली.

अमेरिकेत युद्धाचा खर्च न पेलून ३० डिसेंबर १८६१ ला न्यू यॉर्कच्या बँकांनी पुन्हा नाणं थांबवलं. फेब्रुवारी १८६२ मध्ये सरकारने स्वतःच्या हिरव्या पाठीच्या नोटा काढल्या, त्याही नाण्यात न मोडणाऱ्या. १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा आला, आणि ज्यांनी इंडियानात नाणं थांबू दिलं नव्हतं ते मॅककुलक त्या बँकांचे पहिले नियंत्रक झाले. १८६५ च्या कायद्याने राज्यांतल्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसला आणि त्या हजारो तऱ्हेच्या नोटा बाजारातून गेल्या.

ही शेवटची स्थगिती सतरा वर्षं चालली. नाण्याची खिडकी पुन्हा उघडायची तारीख १८७५ च्या कायद्याने आधीच ठरवून दिली होती : १ जानेवारी १८७९. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून खरं कामकाज २ तारखेला सुरू झालं. अर्थमंत्री जॉन शर्मन यांनी त्या तारखेसाठी कोट्यवधी डॉलरचं सोनं साठवून ठेवलं होतं. न्यू यॉर्कच्या सरकारी तिजोरीवर नोटांची रांग लागेल, अशी अनेकांना धास्ती होती. संध्याकाळी हिशेब लागला. नोटा देऊन सोनं नेणारे आले एक लाख पस्तीस हजार डॉलरचे. सोनं देऊन नोटा नेणारे आले चार लाखांचे.